वरची एक बांगडी

कासार माणसाचं तोंड बघायचा नाही, हात बघायचा. वाटेत गाठ पडली तर राम राम नाही, खुशाली नाही. "हात दाखव," एवढंच म्हणायचा. बाईमाणसाला म्हणाला तर ठीक, बांगड्या भरणं त्याचा धंदाच होता. पण हा पाटलालाही तेच म्हणायचा आणि गाडी हाकणाऱ्या गड्यालाही तेच. आपण येड्यासारखा हात पुढं करायचा. तो दोन बोटांत मनगट धरून दाबून बघायचा, म्हणायचा, "जीव हाय अजून हाडात. जा." आणि आपल्या वाटेनं चालायला लागायचा.

त्याचं नाव सांगत नाही, कारण मला ते ठाऊक नाही. इतकी वर्षं तो आमच्या दारात आला, पण कुणी विचारलं नाही. बाया कासारदादा म्हणायच्या, गडी नुसतं कासार म्हणायचे. त्याला तरी आमची नावं कुठं ठाऊक होती? माझं उजव्या हाताचं मधलं बोट गाडीच्या जुवात सापडून मोडलेलं, म्हणून मी वाकड्या बोटाचा. पाटलीणबाई म्हणजे रुंद हाडाची. आणि आमची ही म्हणजे बारीक मनगटाची. डोळे बांधून त्याच्यापुढं गावातल्या साऱ्या बायांना बसवलं असतं, तरी त्यानं हात चाचपून कोण कुणाच्या घरची ते सांगितलं असतं.

ही गेली त्याला आता चार महिने झाले. लिहायचं कारण तेवढंच. माझं शिक्षण तीन बुकं, लिहिताना हात अवघडतो. पण कासाराला ओळखणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि माझाही काही भरवसा नाही.

आधीच सांगतो, तो काही साधुसंत नव्हता. थंडीत आंघोळ करायचा नाही. तंबाखू थुंकायला त्याला जागा लागायची नाही. गड्यांशी बोलायचा तर शिवी दिल्यासारखं, आणि बायांच्या हाताशी बोलायचा ते मात्र तान्ह्या लेकराशी बोलल्यासारखं. बायांशी नाही म्हणत मी, हाताशी. "ढिला सोड, लेकी," असं तो हाताला म्हणायचा. "जीव ढिला सोडल्यागत सोड." मग अंगठ्याचं मूळ आत दाबायचा, पंजा मुडपायचा आणि काच अशी सरकायची की बघणाऱ्याला वाटावं हात पाण्याचा आहे.

घाई त्याला चालायची नाही. एकदा सुगीचे दिवस होते, ही त्याच्यापुढं बसलेली, आणि मी डोक्यावर उभा राहून म्हणालो, आवर लवकर, रानात जायचंय. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भरलेल्या पाच बांगड्या हळूहळू परत काढल्या, ओळीनं फडक्यावर मांडल्या आणि पहिल्यापासून भरायला सुरुवात केली. वर मला म्हणाला, "काच आन माणूस घाईनं पिचतं." त्या दिवशी रानात जायला दुपार झाली.

आमच्याकडं रीत अशी की बांगड्या भरून झाल्या की कासार वर एक बांगडी देतो. ती मोजायची नाही, तिचं काही द्यायचं नाही. ती त्याचा आशीर्वाद. आणि मग बाई त्याला वाकून नमस्कार करते, मग ती पाटलीण असो की कुणाची कोण. आमचा कासार नमस्कारही बघायचा नाही. तेवढ्यात तो पाठ करून मलार बांधायला लागलेला असायचा. मलार म्हणजे दोरांत ओवलेल्या बांगड्यांचा त्याचा भारा. तो खांद्यावर घेऊन बीडहून निघायचा, पालीवरून आमच्या गावात यायचा, मग वाड्यावस्त्या करत पार गेवराईच्या अंगाला जायचा. लांबून मलाराची किणकिण ऐकली की बाया हातातलं काम टाकायच्या.

आता ते साल सांगतो.

दिवाळी झाली आणि उंदीर पडायला लागले. आधी पाटलाच्या धान्याच्या बळदात, मग मारुतीच्या देवळामागं, मग आमच्याच चुलीपाशी. उंदीर पडले की घराला कुलूप घालून माळावर खोपी करायच्या, एवढं शहाणपण मागच्या वर्षांनी शिकवलं होतं. आम्ही निघालो, पण उशीर झाला होता. पहिल्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ गेला. सकाळी हुडहुडी भरली, संध्याकाळी काखेत गाठ आली, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. तेव्हा प्लेग म्हणजे तेच होतं. गाठ आली म्हणजे माणूस गेलं.

भावासाठी रडलो. पण खरं सांगायचं तर भीती मला हिची वाटली. हिला माहेराहून आणल्याला वर्ष झालं नव्हतं. खोपीपुढं तीन दगड मांडून भाकरी थापत बसली होती, धुरानं डोळे पुसत. मी बघितलं आणि मनात म्हणालो, ही नको. दुसरं काय न्यायचं ते ने.

तेव्हा प्लेगची सुई नवी नवी निघाली होती. औषधाच्या बाटल्या हैदराबादेहून बीडला यायच्या आणि तिथला सरकारी डाक्टर तांग्यातून गावोगाव फिरून टोचायचा. लोकांत काय काय बोललं जायचं. कुणी म्हणे सुईतूनच गाठ देतात. कुणी म्हणे राज्यात माणसं जास्ती झाली म्हणून सरकार कमी करतंय. मी म्हणालो, गाठ तशीही येते, अशीही येते, मग टोचून घेतलेली काय वाईट?

पण सुई मिळणं म्हणजे सोपं काम नव्हतं. पाटलाकडं सांगावा आला की डाक्टर मंगळवारी पालीला येणार. मी गेलो, तर तिथं ही गर्दी. धटिंगण पुढं घुसले, बाया-म्हातारी मागं राहिली. माझ्यापुढं चार माणसं असताना बाटली संपली आणि डाक्टरनं पेटी मिटली. मग कळलं की बीडात टोचतात. बीडला गेलतो तर साहेब गेवराईकडं गेलेले. तिसऱ्यांदा परत पालीला गेलो. त्या दिवशी आम्ही फक्त नऊ जण होतो. बाकीचे भिऊन घरात बसले. मी म्हणालो, चला, आज तरी झालं. पण डाक्टर बाटली फोडेना. तो उर्दूत बोलायचा, चपराशी समजावून सांगायचा. बाटली एकदा फोडली की औषध संध्याकाळपर्यंतच टिकतं, आणि एका बाटलीत वीस माणसं होतात. नऊ माणसांसाठी अकरांचं औषध मातीत कसं ओतायचं? मी हात जोडले. "बीस आदमी लाव," म्हणाला आणि तांग्यात बसला.

म्हणजे एकदा माणसं जास्ती म्हणून नाही आणि एकदा कमी म्हणून नाही. आम्ही नऊ जण एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो.

चिंचेखाली कासार बसला होता. "हात दाखव," म्हणाला.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "हात काय बघतो बे? हितं जीव चाललाय."

त्यानं हात धरलाच. "कितव्यांदा आलास?"

"तिसऱ्यांदा."

"येडा हायस. डाक्टरच्या मागं पळून सुई भेटत न्हाई. आधी वीस हात गोळा करावं लागतात, मग डाक्टर येतो."

तेव्हा मला त्याचा नवा उद्योग कळला. त्या साली बांगड्या भरून घ्यायला कुणाला सवड होती? पण हा फिरायचा थांबला नव्हता. गावात परक्याला घेत नव्हते, म्हणून तो माळाच्या कडेला, झाडाखाली बसायचा आणि बाया लांबून त्याच्याशी बोलायच्या. बीडात डाक्टरच्या चपराशाची बायको त्याचं गिऱ्हाईक. उद्या तांगा कुठल्या वाटेला जाणार ते डाक्टरच्या घरच्यांच्या आधी ह्याला कळायचं. आणि ह्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून मलारातला एक दोर त्यानं रिकामा केला होता. ज्या गावात सुईला तयार झालेलं माणूस मिळेल, त्याची एक बांगडी दोरात ओवायची. बाईची हिरवी, गड्याची काळी, लेकराची बारकी. दोरात वीस झाल्या की त्या माणसांना निरोप जायचा, अमक्या दिवशी पाली, आणि डाक्टरला चपराशाकडून निरोप जायचा, वीस माणसं उभी आहेत. कुठं पंचवीस झाली तर पाच तो दुसऱ्या गावाला जोडायचा. डाक्टर आधी हसला होता म्हणे. मग त्याची एकही बाटली वाया जाईना, तेव्हा तो कासाराच्या दोराशिवाय तांगा जुंपायचा बंद झाला.

आणि पाळीची खूण म्हणून कासार प्रत्येकाला एक बांगडी द्यायचा. हातात बांगडी असेल त्यालाच सुई. त्यामुळं धटिंगणाला घुसता येईना.

इथंच घोटाळा झाला. बायांनी बांगड्या घेतल्या. गडी घेईनात. बांगडी गड्याच्या हातात म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या माळावर माझ्यासकट आठ गड्यांनी होय म्हटलं होतं, त्यातले सहा काळी बांगडी बघून मागं सरले. प्लेग परवडला पण बांगडी नको. मी घेतली, पटक्यात खोचली. तरी एका हलकटानं बघितलं आणि साऱ्यांपुढं म्हणाला, "बायकूचं लुगडंबी घेऊन जा की." त्यानं मी ओशाळलो, आणि पालीच्या वाटेवर ती बांगडी काढून जोंधळ्यात फेकून दिली. हिनं ते बघितलं.

हिला घेऊन निघणंही सोपं नव्हतं. माझी माय आडवी आली होती. थोरला लेक गेलेली बाई, तिला काय समजावणार? वर कासाराचा निरोप होता की डाव्या दंडात टोचतात, हात सुजतो, म्हणून डाव्या हातातल्या बांगड्या आधी काढायच्या. माय म्हणाली, नवरा जिता असताना सुनेचा हात मोकळा करायचा? मग कासारच माळाच्या कडेला आला. लांबूनच मायला म्हणाला की मी काढतो, फोडत न्हाई, फडक्यात बांधून तुमच्याच हातात देतो, तिसऱ्या दिवशी येऊन परत भरतो. सुई टोचताना हातबी मीच धरतो. मायनं वाट सोडली. परक्या गड्यानं सुनेचा हात धरायचा म्हटलं तर तिनं रान उठवलं असतं, पण कासाराला तो हक्क असतो. डाव्या हातातल्या सातही त्यानं तिथंच काढल्या. सहा आणि वरची एक.

पालीला ओळ लागली. कासार डाक्टरच्या शेजारी बसून एकेकीचा हात धरत होता. पिचकारी बघून बाया थरथरायच्या, तर हा हाताला म्हणायचा, ढिला सोड, लेकी. आणि डाक्टरला म्हणायचा, "आस्ते, साब. काच का हात है." डाक्टरही मान हलवायचा. हिची पाळी झाली. मग मी. चपराशी म्हणाला, बांगडी कुठंय? मी म्हणालो, पडली वाटेत.

कासारानं माझं मनगट धरलं आणि पहिल्यांदाच वर माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याचे डोळे घारे होते, ते मला तेव्हा कळलं. म्हणाला, "पडली का टाकली?"

त्यानं मलारातून एक बांगडी काढली. काळी नव्हे, हिरवी. साऱ्या पालीपुढं, माझा हा वाकड्या बोटाचा राठ पंजा मुडपून त्यानं ती माझ्या हातात चढवली. म्हणाला, "बांगडी घालून मेलेला गडी मी बघितला न्हाई. न घालता मेलेले लई दाखवतो. टोचा, साब."

ही पदराआड हसत होती. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती. मी ती बांगडी घरी येईस्तोवर काढली नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही बरे होतो. आणि मायनं घात केला. घात म्हणजे तिच्या मनानं चांगलंच केलं. सुनेचा मोकळा हात तिला बघवेना. गावात रोज कुणी ना कुणी मरतंय, अशात सवाष्णीचा हात रिकामा कावून ठेवायचा? तिनं फडकं सोडलं आणि साती बांगड्या परत भरल्या. मला न सांगता.

सकाळी दोघांनाही ताप चढला. अंग ठणकायला लागलं. माझा दंड नुसता दगडासारखा झाला, पण हिचा हात दंडापासून मनगटापर्यंत फुगला. काखेत गोळा आला. बांगड्या मांसात रुतल्या, बोटं निळी पडायला लागली. मी पोत्यावर पडलेलो, उठायची ताकद नाही. मायला म्हणालो, फोड त्या. माय म्हणाली, "आरं, तू तापानं फणफणतोस आन तिच्या बांगड्या फोडू? उद्या तुला काय झालं म्हंजे?" मी हिला म्हणालो, तू तरी फोड, दगडावर आपट. ही कण्हत होती, पण एवढं नीट बोलली. "न्हाई. तुमचा ताप उतरंपर्यंत न्हाई."

म्हणजे हात जाऊ दे, पण माझ्या जिवाला अपशकुन नको. मी तिच्यावर ओरडलो. आजवर इतका राग मला कुणाचा आला नाही.

तेवढ्यात काखेतल्या गोळ्याची बातमी माळावर फिरली. पाटील लांब उभा राहून म्हणाला, गाठ आलीय, तिला ओढ्यापलीकडं ठेवा. ओढ्यापलीकडं गाठीवाल्यांच्या खोपी होत्या. तिकडं गेलेलं माणूस परत आलेलं मी बघितलं नव्हतं. पाटील वाईट नव्हता, त्याला साऱ्या गावाचं बघायचं होतं. त्यानं खाटही मागवली.

दुपार चढली होती. मलाराची किणकिण ऐकू आली. खरं तर त्याचा वायदा तिसऱ्या दिवसाचा, पण हा दुसऱ्याच दिवशी आला होता, टोचलेला एकेक हात बघत, वस्ती-वस्ती करत. पाटलानं अडवलं तर म्हणाला, "माझा माल हाय. बघितल्याबिगर जात न्हाई." आणि सरळ आमच्या खोपीत शिरला. "हात दाखव," म्हणाला.

हात बघितला आणि त्यानं मायकडं बघून शिवी गिळली. मग काखेपाशी लुगड्यावरूनच हलके चाचपलं, कपाळाला हात लावला. बाहेर येऊन पाटलाला म्हणाला की सूज सुईच्या जागेवरून खाली आलीय, काखेतला गोळा सुईच्याच बाजूला हाय, आन बाई शुद्धीवर बोलतीय. ही सुई हाय, गाठ न्हाई. दोन दिस थांबा. गाठ निघाली तर आधी मी मरन, हात मी धरलाय. पाटलानं खाट माघारी नेली नाही, तिथंच उभी करून ठेवली. पण थांबला.

मग कासार बांगड्यांना लागला. गोडं तेल मागितलं, रिठ्याचा फेस केला. हात उंच धरून बोटांकडून वर चोळत राहिला, तासभर नुसता चोळत राहिला. मग एक सरकवली. मग दुसरी. ही ओठ चावून पडली होती. तो हाताशी बोलत होता. सहा निघाल्या, न पिचता. सातवी आत रुतलेली, ती काही केल्या हलेना. तेल झालं, फेस झाला, रेशमाचा दोरा झाला. बोटं काळी पडत चाललेली.

त्यानं मायला विचारलं, "म्हातारे, बांगडी फुटली तर शकुन कुनावर जातो?"

माय म्हणाली, "जिच्या हातातली, तिच्या कुंकवावर."

"जिची आसंल तिच्या कुंकवावर ना?"

"व्हय."

"मग ही तिची न्हाईच. ही वरची हाय, मी दिलेली. वरची बांगडी कासाराची असती. माझी बांगडी मी फोडतो, आन शकुन माझ्या घरी जाऊ दे. माझ्या घरातून न्यायला त्याला काय राहिलंय?"

त्यानं काचेखाली फडकं सारलं, आपले दोन्ही अंगठे लावले आणि दाबली. बांगडी फुटली ती त्याच्या अंगठ्यात घुसली. हिच्या हाताला ओरखडा नाही. त्याचं रक्त पोत्यावर सांडलं, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून.

वरची बांगडी सगळ्यात शेवटी भरतात. ती पंजाच्या बाजूला असते, म्हणजे काढताना ती पहिली निघते. ही तर सगळ्यात आतली होती, म्हणजे वरची नव्हतीच. मला हे फार वर्षांनी सुचलं, बैल हाकता हाकता. मायला तेव्हाच कळलं असणार. तिनं जन्मभर बांगड्या भरलेल्या, आणि ह्या तर तिनं स्वतःच भरल्या होत्या. पण तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

दोन दिवस तो आमच्या खोपीच्या दारात उन्हाला बसून राहिला. अंगठ्याला चिंधी बांधलेली, पुढं मलार पसरलेला, रंग रंग वेगळे करत. मध्येच आत यायचा, हिचं मनगट धरायचा, माझं धरायचा, पाणी प्या म्हणायचा आणि परत जाऊन बसायचा. माझा ताप उतरल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं की हे सगळं कावून करतो? कुणी सांगितलंय तुला?

तो बांगड्या ओवत राहिला. मग म्हणाला, "गेल्या साली घरचीला घेऊन गेलतो सुईला. अठरा माणसं झाली. डाक्टर दुपारपर्यंत थांबला. दोन कमी पडली." एवढंच. मग उठता उठता म्हणाला, "लई लांब न्हवती वस्ती. दोन हात मला मिळाले आसते."

तिसऱ्या दिवशी सकाळी हिला दरदरून घाम सुटला आणि तिनं भाकर मागितली. मायनं पिठलं केलं, तिखटजाळ. कासारानं एक भाकर उभ्यानंच खाल्ली. पाटलाच्या माणसांनी खाट नेली. जाताना कासार त्या गड्यांना, बांगडी नको म्हणणाऱ्या सहा जणांना, म्हणाला, "परवा पाली. दोरात सहा जागा हायत." चार जण आले. माझी टिंगल करणाराही आला, हातात बांगडी घालून. निघताना पटक्यातून काढून माझीच हिरवी मी त्याला दिली होती. मायनंही पुढच्या खेपेला टोचून घेतलं, आणि सूज उतरेपर्यंत स्वतःच्या डाव्या हातात बांगडी चढवली नाही.

आमच्या गावातनं त्या साली बरीच माणसं गेली. टोचलेल्यांतला एक म्हातारा गेला, बाकी सारी शिमग्याला घरी परतली.

हाताची सूज उतरल्यावर कासारानं हिला परत बांगड्या भरल्या. सहा, आणि वरची एक. ही वाकली. तो पाठ करून मलार बांधत होता. मी तिथंच उभा होतो. मलाही काही बोलायचं होतं. पण आम्ही कसली माणसं, मी म्हणालो, "पाऊस बरा होईल का यंदा?" तो म्हणाला, "माझ्याकडं काय ढगाचं माप हाय?" आणि गेला.

पुढं बरीच वर्षं येत राहिला. कधी त्या दिवसांचं नाव काढलं नाही. ही त्याला चिडवायची की दादा, माझी एक बांगडी फोडलीस, तर मला दोन वरच्या पाहिजेत. तो गुपचूप दोन द्यायचा. मग एका साली आला नाही. बीडच्या बाजारात विचारलं, तर एक म्हणाला लेकीकडं गेला, दुसरा म्हणाला गेला तो गेलाच. नीट चौकशी करायला पाहिजे होती. नांगरटीचे दिवस होते, मी माघारी आलो. ही लाज मला आहे.

हिनं त्यानंतर पाच लेकरं वाढवली, सुना आणल्या, माझ्याशी रोज भांडली. भांडण लई पेटलं की म्हणायची, "कासारानं उगं वाचवलं मला, तुमच्यासंगं कटकट करायला." ती कटकट मला छत्तीस वर्षं मिळाली. कुणाच्या दोरात आमच्या दोन बांगड्या होत्या म्हणून मिळाली.

माघात ही गेली. अंगात पाणी झालं होतं, हातपाय सुजले होते. मी जिता असताना गेली, म्हणजे सवाष्ण गेली, हिरवा चुडा भरून न्यायची. बीडहून बांगड्या आणल्या. बायांनी खटपट केली, दोन बांगड्या पिचल्या. हात फुगलेला, बोटं आखडत चाललेली. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, नुसत्या हातावर ठेवा.

मी बाहेर गड्यांत बसलो होतो. उठून आत गेलो. अशा वेळी बायांत नवरा जात नाही, पण गेलो. म्हणालो, "सरा. तेल आणा."

मांडी घालून बसलो. तिचा हात मांडीवर घेतला आणि बोटांकडून वर चोळत राहिलो, किती वेळ ते ठाऊक नाही. गडी बाहेरून हाका मारत होते, मी घाई केली नाही. मग अंगठ्याचं मूळ आत दाबलं, पंजा मुडपला. ढिला सोड, हे शब्द तोंडाशी आले होते, पण ते आता सांगायला नको होतं. पहिली सरकली. मग दुसरी. माझं वाकडं बोट मध्ये मध्ये येत होतं. दोन्ही हातांत सहा सहा भरल्या. मग डाव्या हातात वरची एक, शेवटी, पंजाच्या बाजूला.

एकही पिचली नाही.

बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणाऱ्याला नमस्कार करायचा असतो. तिला आता वाकता येत नव्हतं. मग मीच वाकलो. तिला केला की त्याला, ते मला विचारू नका. दोघांनी वाटून घ्यावा.